रंग गेला तर घेऊन या

दिलेल्या शब्दावर अढळ श्रद्धा ठेवून जगलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आम्ही भाचरं त्यांना आतोबा म्हणत असू. थोरामोठ्यांच्या चरित्रांत अशी श्रद्धा गुरूच्या, आईच्या किंवा एखाद्या नेत्याच्या शब्दावर ठेवलेली आढळते. आतोबांची कापड दुकानदाराच्या शब्दावर होती. "रंग गेला तर घेऊन या" हे वाक्य झाडून सगळे कापडवाले म्हणतात. 'आता जेवूनच जा' किंवा 'घर तुमचंच आहे' ह्या वाक्यांच्या जातीचं ते वाक्य आहे. म्हणणाऱ्याला त्याचा अर्थ अभिप्रेत नसतो, ऐकणाऱ्याला तो लागत नाही, आणि दोघांचा संसार सुखाने चालतो. आतोबा मात्र रंग गेला की खरोखरच घेऊन जात.

मी साताऱ्याकडून नोकरीसाठी चिंचवडला आलो आणि आत्याकडे राहिलो, त्याला आता बरीच वर्षं झाली. ते चिंचवड आठवू लागलो की मला ते नेहमी पाण्याच्या पलीकडून पाहिल्यासारखं दिसतं. थंडीत पवनेवरचं धुकं घाटाच्या पायऱ्या चढून गल्लीत येई आणि ओसरीवर बसलेल्या माणसाचे पाय तेवढे दिसत. पिंपरीच्या बाजूच्या माळावर नवे कारखाने उभे राहत होते. एकीकडे ज्वारीची कणसं आणि दुसरीकडे चिमणी, आणि मधून गायी जात. भोंगा झाला की गायीही मान वर करून पाहत, पण कामावर जात नसत. संध्याकाळी रुळांच्या कडेने पिंपरीकडे चालत गेलं, तर जुन्या लष्करी बराकींत वसलेली सिंधी निर्वासितांची वस्ती लागे. तिथे एका बराकीच्या टोकाला आतोबांच्या कापडवाल्या शेठचं दुकान होतं. पांढरी गादी, दोन लोड, भिंतीला लावलेले ताग्यांचे ढीग, आणि दारातून आत आलेलं मावळतीचं ऊन. सिंध सोडून आलेला हा मनुष्य बोलायला मऊ होता आणि सगळ्यांना साईं म्हणे. त्याच्या दुकानात बसलं की कुठल्यातरी दूरच्या गावी पाहुणे म्हणून आल्यासारखं वाटायचं. सगळ्या वस्तीलाच बहुधा तसं वाटत असावं.

आतोबा खरेदी कशी करत, ते पाहण्यासारखं होतं. भावाची घासाघीस ते करत नसत. "भाव हा दुकानदाराचा खासगी प्रश्न आहे," असं ते मला एकदा म्हणाले. त्यांची घासाघीस शब्दाची असे. कापड उलटंपालटं करून झालं की ते चष्मा काढत आणि विचारत, "रंग जाईल?"

"गेला तर घेऊन या, साईं."

"आटेल?"

"आटलं तर घेऊन या."

"म्हणजे तुम्ही बोलताय."

"बोलतोय, साईं. जबान आहे."

मग आतोबा चष्मा डोळ्यांवर चढवत आणि एखादा गड सर झाल्यासारखे कापड काखेत मारून निघत. शिंप्याकडे टाकण्याआधी कापड भिजवून घ्यावं, ते आटायचं तेवढं आटून जातं, ही गोष्ट चिंचवडातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. आतोबांना ते पटत नसे. दुकानदाराने आटणार नाही म्हटलेलं कापड आपण गुपचूप भिजवून बघायचं म्हणजे त्याच्या पाठीमागे त्याच्यावर अविश्वास दाखवणं झालं. तेव्हा ते कापड तसंच शिवायला देत आणि शिवून आलेला शर्ट उघडपणे, सन्मानाने भिजवत.

धुण्याचा तो प्रसंग मला अजून दिसतो. रविवारी सकाळी ओसरीवर पितळेची मोठी बादली येई. आतोबा शेजारी पाट घेऊन बसत. नवा कपडा पाण्यात सोडला की तो आधी तरंगे, मग हळूहळू जड होऊन बुडे, आणि मग कुठूनतरी रंगाचा पहिला धागा निघे. उदबत्तीच्या धुरासारखा तो पाण्यात वळत, थांबत, विरघळत जाई. मागून दुसरा, मागून तिसरा. आतोबा हनुवटीला हात लावून पाहत राहत. चहा निवे, पेपरवाला पेपर टाकून जाई, आत्या दोनदा हाक मारून जाई, पण त्यांचं लक्ष नसे. फसवणूक झालेल्या दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी पाहिलेलं नाही. संपूर्ण बादली निळी झाली की ते जागे झाल्यासारखे मान हलवत आणि म्हणत, "बोलले होते."

त्याच संध्याकाळी आम्ही पिंपरीची वाट धरत असू. कपडा बगलेत नेण्याजोगा असला तर बगलेत, पण शक्यतो आतोबा तो घालूनच निघत. खोट अंगावरच नीट कळते, असं त्यांचं मत होतं. एकदा एका पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टाच्या बाह्या पहिल्या पाण्याला कोपरापर्यंत आल्या. तो शर्ट घालून, हात किंचित पुढे धरून, आतोबा भर बाजारातून झोपेत चालल्यासारखे गेले. दुकानात शेठने शर्ट उतरवून घेतला आणि बदलीचं कापड दिलं, पण शिवलेला शर्ट त्याच्याकडे कुठून असणार? शेवटी त्याने गादीवर घालायची धुतलेली चादर आतोबांच्या खांद्यांवर घातली. पांढऱ्या चादरीत, धुक्यातून, कंदिलाच्या उजेडात आम्ही चिंचवडला परतलो. स्टेशनबाहेरचा पानवाला हात जोडून म्हणाला, "काशीला निघालात जनू." आतोबांनी त्याला आशीर्वाद दिला. दुसऱ्या दिवशी चादर धुऊन, घडी करून परत केली. "तिचा रंग गेला नाही," असं त्यांनी शेठला मुद्दाम सांगितलं, कारण चांगल्या मालाचीही दखल घेतली पाहिजे.

पायमोज्यांचा मामला ह्याहून नाजूक होता. मोजे त्यांनी आख्खा हिवाळा घातले आणि मग टाच विरली. मी म्हटलं, आता कसं नेणार? आतोबा शांतपणे दुकानात गेले, गादीवर बसले आणि मोजा हातावर चढवून भोकातून बोट बाहेर काढून दाखवलं. म्हणाले, "शेठ, मी ह्यांत चाललो. बाकी काहीही केलं नाही."

शेठ त्या बोटाकडे बराच वेळ पाहत होता. मग त्याने आत हाक मारून पापड आणि पाणी मागवलं. सिंधी लोकांत, आलेल्या माणसाला आधी भाजलेला पापड आणि पाणी देतात. आतोबा एका हाताने पापड मोडत होते, दुसऱ्या हातावर मोजा तसाच. एरवीही वाद वगैरे काही होत नसे. दोघं कापड उजेडाला धरत, दाराकडे वळवत, पुन्हा स्वतःकडे वळवत. बाहेर लोणावळ्याकडची गाडी जाई, तिची शिट्टी लांबत लांबत विरून जाई. मग शेठ म्हणे, "बरोबर आहे, साईं. दुसरा न्या." मला पुस्तकं वाचायची सवय असल्यामुळे, अशा भेटीत कुठेतरी तंटा निघेल, निदान एखादा टोमणा तरी येईल, अशी मी वाट पाहत असे. तो कधी आला नाही.

ह्या सगळ्यात गमतीची गोष्ट अशी की हेच आतोबा कारखान्यात स्टोअर्सच्या खिडकीवर होते. मीही त्याच कारखान्याच्या ऑफिसात कारकून होतो, त्यामुळे हे मी रोज पाहत असे. कामगारांना खाकी गणवेश वाटणं हे त्यांचं काम, आणि खिडकीवर त्यांच्याच वळणदार अक्षरात पाटी होती: 'एकदा दिलेला गणवेश परत घेतला जाणार नाही.' एके दिवशी ताथवड्याकडचा एक कामगार विजार हातात घेऊन आला.

"सायेब, कालच दिल्याली. खाली बसलो तर उसवली, बगा की."

"बसलात म्हणजे वापरलीत."

"आता इजार घालून बसू बी न्हाई व्हय?"

"वापरलीत म्हणजे स्वीकारलीत," आतोबा म्हणाले आणि खिडकीची फळी हलकेच खाली सोडली.

मी त्यांना संध्याकाळी वाटेत विचारलं की हे कसं काय. ते म्हणाले, "भाचेबुवा, कारखान्याने कुठे शब्द दिला होता? कारखान्याने पाटी दिली होती." हा भेद मी अजूनपर्यंत कुठल्या ग्रंथात वाचलेला नाही, आणि तो चुकीचा आहे असं सिद्धही करता आलेलं नाही.

त्याच कारखान्यात एकदा कुणी मोठे पाहुणे आले होते. मांडव, पताका, गुलाबपाणी, सगळं झालं. आतोबा शेठकडून नव्याने घेतलेल्या काळ्या कापडाचा कोट घालून पहिल्या रांगेच्या मागच्या रांगेत बसले. पाहुणे दीड तास बोलले. ह्या माळावर नंदनवन फुलेल, घराघरांत दिवा लागेल, कुणी उपाशी निजणार नाही, असं ते म्हणत होते, आणि ऊन चढत होतं, आणि घामाने कोटाचा रंग हळूहळू आतोबांच्या पांढऱ्या कॉलरीवर उतरत होता. लोक टाळ्या वाजवत होते. आतोबांनी वाजवल्या नाहीत. भाषण संपल्यावर ते गळ्याभोवती काळं वर्तुळ घेऊन माझ्याकडे आले आणि काळजीच्या स्वरात म्हणाले, "शब्द दिलाय खरा. पण नाही झालं तर कुठे घेऊन जायचं, ते नाही सांगितलं." कोट दुसऱ्याच दिवशी परत झाला.

आतोबांच्या ह्या श्रद्धेचा खर्च कुणाच्या खात्यावर पडत होता, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं. घरात पातळं येत ती पाहुण्यांसारखी. येत, राहत, एकदोनदा अंगावर मिरवत, आणि जात. एखाद्याचा काठ आखडे, एखाद्याचा रंग उडे, एखाद्यात धागा वर येई. आतोबांच्या नजरेतून काही सुटत नसे, आणि आत्या काही बोलत नसे. कुठल्याच पातळावर जीव लावायचा नाही, असं तिने फार पूर्वी ठरवून टाकलं असावं. कपाट उघडलं की आत सगळं कोरं, कडक, घडीवरचं. बघणाऱ्याला वाटे, केवढी हौशी बाई.

मग एका दिवाळीनंतर आत्या आमच्याबरोबर शेठच्या दुकानात आली. ती कधी येत नसे. तिने स्वतः हात लांब करून ताग्यांतलं एक पातळ दाखवलं. मोतिया रंगाचं, जांभळ्या काठाचं. आतोबांनी चष्मा काढला, शब्द मागितला, शेठने दिला. वाटभर आत्या ते पुडकं स्वतः घेऊन चालली. आतोबांनी दोनदा हात पुढे केला, तिने दिलं नाही.

पहिल्या धुण्याला ती बादलीच्या वाटेला गेलीच नाही. आतोबा उठायच्या आधी ती पातळ घेऊन घाटावर गेली. मी फिरायला म्हणून बाहेर पडलो होतो, तेव्हा मला ती दिसली. शेजारची कुणब्याची म्हातारी एक टोक धरून पाण्यात उभी होती आणि दुसरं टोक आत्याच्या हातात होतं. दोघी पातळ झटकत होत्या. काठाचा जांभळा रंग सगळ्या अंगभर पसरला होता, पण सारखा नाही. कुठे गडद, कुठे फिकट, कुठे नुसती झाक, मध्येच मोतिया तसाच राहिलेला. दिवस मावळल्यावर नदीच्या पाण्यावर जे काही थोडा वेळ दिसतं आणि नीट पाहीपर्यंत जातं, ते कुणीतरी नऊ वार मापून फाडून घेतल्यासारखं ते दिसत होतं. मागे धुकं होतं, त्यामुळे पातळ कुठे संपतं आणि सकाळ कुठे सुरू होते ते कळत नव्हतं.

"आत्याबाई, पार बिघडलं की वो," म्हातारी म्हणाली. मग जरा वेळाने म्हणाली, "पर लई झ्याक बिघडलंय."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "तुझ्या आतोबांना दिसणारच आहे. पण हे मी देणार नाही." तिचा आवाज अगदी रोजचा होता. "इतक्या वर्षांत माझं एक पातळ जुनं झालेलं नाही रे. जुनं पातळ कसं मऊ लागतं म्हणतात, ते मला ठाऊकच नाही."

घरी आल्यावर तिने आतोबांशी काही वाद घातला नाही. तिने फक्त अंगणातल्या उंच दांडीवर, लांब काठीने, ते पातळ वाळत घातलं आणि स्वयंपाकघरातून सांगितलं, "ते सोवळ्याचं आहे. कुणी शिवू नका." सोवळ्याचं म्हणजे ते नेसून देवाचा नैवेद्य करायचा, आणि तोवर त्याला आंघोळ न केलेल्या माणसाने हात लावायचा नाही. आत्याच्या घरात सोवळं असं फारसं कधी नव्हतं. आमटीला कांदा असे, देवाला साखर असे, आणि सगळं सुखाने चाले. त्या दिवशी मात्र तिचं सोवळं एकदम कडक झालं. आता ते पातळ एकतर दांडीवर असे, नाहीतर आत्याच्या अंगावर.

आतोबा दांडीखाली उभे राहून वर पाहत. देवावर त्यांचा विश्वास बेताचाच होता, पण नियमावर पूर्ण होता. मी सुचवून पाहिलं की आंघोळ करून घ्या, आणि काढा. ते म्हणाले, "काढेन. पण सोवळ्याची वस्तू बाजारात न्यायची का, ह्याला काय नियम आहे ते मला माहीत नाही." माहीत असलेला नियम मोडणारी माणसं खूप असतात. माहीत नसलेला नियम मोडायला घाबरणारे आतोबा एकटेच. आठवडा गेला, दुसरा गेला. कारखान्यात त्यांचं लक्ष लागेना. एका कामगाराची उसवलेली विजार त्यांनी चक्क बदलून दिली आणि त्या माणसाने घाबरून घरी जाऊन नारळ फोडला, असं ऐकलं.

शेवटी एका संध्याकाळी ते रिकाम्या हाताने पिंपरीला निघाले. मी बरोबर होतोच. गादीवर बसून त्यांनी शेठला सगळी हकीकत सांगितली. माल बिघडलाय, पण आणता येत नाही.

"काही हरकत नाही, साईं," शेठ म्हणाला. "माल राहू द्या. तुम्ही दुसरं घेऊन जा."

"माल परत दिल्याशिवाय बदली घेता येत नाही."

"मी घेतो म्हणतोय ना."

"तुम्ही म्हणाला होतात, घेऊन या. मी आणलेलं नाही."

पापड मध्ये तसाच पडून होता. शेठ हळू आवाजात, त्याच्या मराठीत बोलू लागला. "साईं, आमच्या गावात आमच्या दुकानाला पाटी नव्हती. बापाची जबान होती, लोक त्यावर येत होते. सगळं तिथे राहिलं. इथे आल्यावर मी जो येईल त्याला बोललो, रंग गेला तर घेऊन या. बोलतो आणि वाट बघतो. कुणी येत नाही. रंग गेला तर घरी बसून शिव्या देतात, दुसऱ्या दुकानात जातात. तुम्ही एकटे आलात." लगेच उठून तो आमच्याबरोबर निघाला, असं नाही. दिवस मावळत आला होता आणि गिऱ्हाईक होतं. पण तो म्हणाला, "रविवारी मी येतो. माझी जबान आहे, मी येऊन घेऊन जातो."

रविवारी तो आला. धुतलेला सदरा, केस चापून बसवलेले, हातात एक छोटं पुडकं. पातळ दांडीवर होतं. संध्याकाळचं ऊन नदीकडून येऊन पलीकडून त्याच्यावर पडत होतं आणि सगळं अंगण जांभळट झालं होतं, तुळशीसकट. आत्या दारात उभी होती. शेठ वर पाहून म्हणाला, "हेच?" आणि मग म्हणाला, "उतरवा, साईं. घेऊन जातो. बदल्यात आणलंय."

आतोबांच्या आयुष्यातला हा सर्वोच्च क्षण होता. दुकानदार दिलेला शब्द घेऊन स्वतःच्या पायांनी दारात आला होता. ते आत्याकडे पाहू लागले. आत्या पायऱ्या उतरली, कोपऱ्यातली लांब काठी उचलली आणि आतोबांच्या हातात दिली. सोवळं वगैरे काही नाही. तिने ते होतं तिथेच सोडून दिलं. काठी देताना तिने वर पातळाकडे पाहिलं नाही, एवढंच.

आतोबांनी काठी वर नेली. तिचं टोक पातळाच्या काठाला लागलं आणि पातळ जरासं हललं. त्याबरोबर अंगणातला सगळा उजेड हलला, जणू आम्ही चौघं एखाद्या उथळ पाण्याच्या तळाशी उभे होतो. आतोबा तसेच थांबले. बादलीजवळ बसत तसा त्यांचा चेहरा झाला. बराच वेळ गेला. मला वाटलं, हात दुखत असेल.

"शेठ," ते म्हणाले, "ह्यात खोट कुठे आहे?"

शेठने मान मागे टाकून पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. "आमच्याकडे," तो म्हणाला, "दर्यावर. सिंधूला आम्ही दर्या म्हणतो. उन्हाळ्यात दिवस गेला की होडीतून असं दिसायचं." मग थोड्या वेळाने, "खोट दिसत नाही, साईं."

"भाचेबुवा, तुम्हाला दिसते?"

मी म्हटलं, अंधार पडतोय.

आतोबांनी काठी खाली घेतली. "मग परत देता येणार नाही," ते शेठला समजावून सांगत म्हणाले. "खोट नसलेला माल परत करता येत नाही. तसा नियम आहे."

"पण मी जबान..."

"रंग गेला तर, असं बोलला होतात. हा गेलेला नाही. हा इथेच आहे."

शेठने आणलेलं पुडकं पुन्हा काखेत धरलं. आत्या आत गेली होती. थोड्या वेळाने ती बाहेर आली, तेव्हा तिच्या हातात भाजलेला पापड होता आणि पाण्याचा तांब्या. आतोबांनी एवढ्या वर्षांत तिला पिंपरीच्या दुकानाबद्दल जे काही सांगितलं असेल, त्यातलं तिने एवढंच लक्षात ठेवलं होतं. शेठने पापड दोन्ही हातांत घेतला आणि तो मोडायला त्याला जरा वेळ लागला.

त्यानंतर आतोबांच्या फेऱ्या थांबल्या, असं म्हणायला मला आवडलं असतं. त्या चालूच राहिल्या, पण त्यांत पूर्वीचा जोर राहिला नाही. कापडंही आता चांगली येऊ लागली होती. कधीकधी आतोबा नुसतेच जात, रिकाम्या हाताने, आणि दोघांना काय बोलावं ते कळत नसे. एका संध्याकाळी निघण्यापूर्वी मी त्यांना ओसरीच्या कोपऱ्यात स्वतःच्या नव्या शर्टाचं बटण पिळून तोडताना पाहिलं. दुकानात शेठने ते बटण उजेडाला धरलं, बोटांत फिरवलं, मान हलवली आणि पापड मागवला. पुढे शेठ मुंबईला भावाकडे गेला. बराकीच्या टोकाला सायकल दुरुस्तीचं दुकान आलं. आतोबा अजूनही कधीतरी त्या बाजूला फिरायला जात आणि पंपाने हवा भरताना पाहून परत येत. त्यांच्याकडे सायकल नव्हती.

माझं लग्न झालं, पुण्यात बदली झाली, आणि मला मुलगी झाली तेव्हा आतोबा लोकलने आले. बगलेत पुडकं होतं. "तुझ्या आत्याने दिलंय. दुपट्यांना. मऊ आहे म्हणाली." पुडक्यात ते पातळ होतं, फाडून, कडा दुमडून, बारीक टाके घालून चौकोन केलेलं. हात लावला तर लागलाय की नाही ते कळेना, इतकं मऊ. बायकोने एक दुपटं खिडकीकडे धरून पाहिलं आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "काठाचा रंग लागलाय की हो सगळीकडे. तेव्हाच परत नाही का करायचं?"

आतोबा खुर्चीत बसले होते. ऐकलं असावं, पण ते पाळण्याकडे पाहत होते. मुलीला दुपट्यावर निजवलं आणि थोड्याच वेळात तिने ते भिजवलं. आतोबा उठले, दुपटं बाजूला केलं आणि खालची पांढरी चादर उचलून, सवयीने, उजेडात धरून पाहिली.

रंग गेला नव्हता.